घरी धुतलेले कपडे

माझे काका घरात शिरण्याआधी दारात उभं राहून कपडे झटकतात. कॉलर, बाह्या, पँटचे पाय. बाजारातून आले तरी झटकतात, नुसते गॅलरीतून आत आले तरी झटकतात. इमारतीतली पोरं त्यांना झटकेकाका म्हणतात. कारखाना सुटून युगं लोटली, त्या वेळचा एक धागाही घरात उरलेला नाही. पण सांगणार कोण आणि ऐकणार कोण?

काका सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात होते. ॲस्बेस्टॉसची पोती फाडायची आणि यंत्रात ओतायची, हे त्यांचं काम. सुट्टीच्या वेळेपर्यंत माणूस पांढरा होऊन जायचा. कामगारांचे कपडे धुवायची सोय कारखान्यातच होती, तीही फुकट. पण आमची काकू नाकावर माशी बसू न देणारी. "गावभरच्या घामात माझ्या नवऱ्याचे कपडे? मी काय मेलेय?" असं म्हणून तिने ती सोय उडवून लावली. रोज संध्याकाळी काका दारात आले की त्यांची लेक पायांना मिठी मारायची, आणि काकू मोरीत कपडे दाणदाण झटकून मग भिजत घालायची. आपल्याइतके स्वच्छ कपडे साहेबाचेही नसतात, असं काका कौतुकाने सांगायचे.

काकूला जिना चढताना धाप लागू लागली तेव्हा आम्ही सगळ्यांनी ते वयावर ढकललं. मग छातीत पाणी निघालं, तुकडा तपासायला गेला आणि कॅन्सर निघाला, फुफ्फुसावरच्या आवरणाचा. घरात सल्लागारांचं नुसतं पेव फुटलं. हिची भांडी वेगळी करा. सुई टोचलीत ना, आता गाठ चिडणार. जन्मात विडीला शिवली नाही, मग हिलाच कसा झाला? एकेकाला हाताला धरून बाहेर काढावं असं मला वाटायचं. काकांनी मात्र ते सगळे प्रश्न साठवले आणि डॉक्टरीणबाईंसमोर ठेवले. मी सोबत होते.

"हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही, काका. खुशाल एका ताटात जेवा," बाई म्हणाल्या. "आणि तपासणीच्या सुईमुळे गाठ चिडेल ही भीती मनातून काढा. घराण्यात आधी कुणाला होता?"

"नाही."

"तुम्ही काम काय करायचात?"

काकांनी सांगितलं. बाई लिहिता लिहिता थांबल्या.

"कपडे कोण धुवायचं?"

इतक्या साध्या प्रश्नाने माणूस उभा चिरलेला मी त्या दिवशी पाहिला. बाईंनी जपून सांगितलं. ते बारीक तंतू श्वासातून आत जातात, रुतून बसतात आणि कित्येक वर्षांनी डोकं वर काढतात. रोग घरी आला नव्हता, धूळ आली होती. मग पोती फाडणारा धडधाकट कसा, हे काकांनी पुन्हा पुन्हा विचारलं. त्याचं उत्तर बाईंकडेही नव्हतं.

"मुलगी त्याच घरात वाढली ना? तिला होईलच असं नाही, धोका कमीच आहे. पण तिला हे ठाऊक हवं. कधी दम लागला, तर डॉक्टरला आधी हेच सांगायचं."

घरी येऊन काका काकूला म्हणाले, "नशीब म्हणतात डॉक्टर." ती नुसती हसली. जायच्या आधी काही दिवस, मी उशाशी असताना, तिने त्यांचा हात धरला. "मला कळलंय सगळं. झटकताना माझ्याच तोंडावर यायचं ना ते. लेकीला सांगू नका. तुमच्याजवळ यायची नाही ती."

काकांनी शब्द दिला. काकू गेली आणि तो शब्द घरात राहायला आला. खोलीत उन्हाचा कवडसा पडला की काका त्यात तरंगणारे कण बघत बसतात, मग उठून पडदा ओढतात. फोनवर लेक खोकली की यांचा घास हातातच राहतो. "सर्दी आहे हो बाबा," ती सांगते, आणि त्या दिवशी हे जेवत नाहीत. मी एकदा चांगलीच भांडले. "गेलेल्या माणसाला दिलेला शब्द जित्या माणसाच्या जिवावर पाळायचा का?" मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

परवा लेक तिच्या छोटीला घेऊन आली. छोटी धावत सुटली आणि काका झटकन मागे सरले.

लेकीचा चेहरा पडला. "बाबा, आई गेल्यापासून तुम्ही हिला एकदाही जवळ घेतलं नाहीत. आमचं काही चुकलं का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीत बसले आणि पोत्यांपासून मोरीपर्यंत, डॉक्टरीणबाईंच्या शेवटच्या वाक्यापर्यंत सगळं सांगून मोकळे झाले. तोवर छोटी त्यांच्या मांडीवर चढून बसली होती, आणि बोलण्याच्या भरात ते तिच्या केसांवरून हात फिरवत होते.

"आईला माहीत होतं?"

"होतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू माझ्याजवळ येणार नाहीस, अशी भीती वाटली तिला."

"काहीतरीच. आता कुठली आलीय धूळ, बाबा," लेक म्हणाली. म्हणता म्हणता ती उठली आणि तिने छोटीला त्यांच्या मांडीवरून उचलून कडेवर घेतलं. आपण काय केलं हे उचलल्यावर तिला कळलं. ती तशीच उभी राहिली, पुढेही येईना आणि मागेही जाईना.

"असू दे," काका म्हणाले. "राहू दे तिला तुझ्याकडेच."