वाचलं म्हणे

लेकाच्या व्हिडिओ कॉलवर, स्क्रीनवरच्या मुलीनं आपल्या वर्षभराच्या संशोधनाचे कागद टेबलावर ठोकून सारखे केले. डेटा सायंटिस्ट असलेला माझा लेक तिचा साहेब. तो नुकताच म्हणाला होता, "वाचलं मी. नवीन काही नाही. हे काम बंद करू."

"सर, नवीन ते शेवटच्या पानावर आहे."

"पाहिलं तेही."

खोटं बोलला. एआय मशीननं सारांश म्हणून काढून दिलेल्या चार ओळी तेवढ्या त्यानं वाचल्या. मी शेजारीच मेथी निवडत होते.

कॉल संपल्यावर मला म्हणतो, "आई, सगळं वाचायला वेळ कुणाला आहे?"

मी चौथी शिकलेली, ओळीवर बोट ठेवून वाचते. मशीनवर माझा राग नाही. आपण वाचलं, असं ते म्हणालं नाही. दुसऱ्याची वर्षभराची मेहनत न उघडता मोडीत काढणाऱ्याला साहेब म्हणतात, याची चीड येते.

कॉल बंद होण्याआधी त्या मुलीनं कागद खणात टाकलेले मी पाहिले होते. शेवटचं पान सगळ्यात खाली होतं.