पळून आलेला साक्षीदार

ती केस आठवली की आजही माझं डोकं तापतं. तेव्हा मी शिकागोत डिटेक्टिव्ह होतो. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या एका बेकरीतला भट्टीवाला ठाण्यात आला. म्हणाला, "पाव न्यायला येणारा एक म्हातारा आमच्या देशात लष्करी न्यायमंडळावर होता. युद्धात आम्हाला खंदक खणायला धरून नेलं. मी आणि भाऊ पळालो, दोघेही सापडलो. त्याने भावाला गोळ्या घालून मारायची शिक्षा दिली आणि मला दहा वर्षांची कैद. तुरुंगावर बॉम्ब पडला, म्हणून सुटलो."

म्हाताऱ्याने नागरिकत्वाच्या अर्जात स्वतःला शाळामास्तर म्हटलं होतं. खोटी माहिती, एवढाच गुन्हा आम्हाला लावता येत होता. चौकशीत दोन तास तो साखरेसारखा गोड. नातवंडांचे फोटोसुद्धा दाखवले. अशा माणसाला दरडावू नये, त्याचा अहंकार दुखवावा. मी म्हटलं, "बेकरीतला माणूस मला तुमच्यापेक्षा खरा वाटतो."

तो उसळला. "तो पळपुटा? त्याला दहा वर्षांवर सोडलं, हीच माझी चूक."

टेप चालू होती. तरी कोर्टात साक्षीदार लागणारच होता. सरकारी वकील शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या मराठी डॉक्टरांची मुलगी. एरवी मला डिटेक्टिव्ह म्हणायची, काळजीत असली की काका.

"काका, भट्टीवाल्याला साक्षीदारांच्या लिस्टमधून ड्रॉप करू या. त्याच्या स्वतःच्या फॉर्मवर 'कधी शिक्षा झाली का' याला 'नाही' लिहिलंय, यार. डिफेन्स सोडणार नाही. त्याचीच सिटिझनशिप जाईल."

मी भट्टीवाल्याला सगळं स्पष्ट सांगितलं. त्याने पिठाचे हात पुसले. "गेली तर जाऊ दे. मी बोलणार."

कोर्टात बचावाच्या वकिलाने तो फॉर्म नाचवलाच. "हे तुम्हीच लिहिलं?"

"हो. त्या मंडळाला मी कोर्ट मानत नाही. उद्या पुन्हा विचारा, पुन्हा 'नाही'च लिहीन."

म्हाताऱ्याचं नागरिकत्व गेलं. पण साक्षीदाराचीही चौकशी लागली, आणि मला त्या चौकशीचा भयंकर संताप आला. पळाला म्हणजे चोर, हे आमच्या खात्यात गृहीतच. मीही उभी नोकरी तसंच मानत आलो होतो. शिक्का मारलेला प्रत्येक कागद म्हणजे न्याय नव्हे, हे मला एका भट्टीवाल्याने शिकवलं.

त्या चौकशीत माझाही जबाब मागवला. मी लिहून दिलं, त्याच्या जागी मीही 'नाही'च लिहिलं असतं. साहेबांनी ते वाक्य काढायला सांगितलं. मी काढलं नाही.