जावईबापूंचं खातं, माझं नाव

जावई आले, वडी खाल्ली आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. तिथंच मला शंका आली.

ते आदिलाबादला एका शेअर दलालाच्या कचेरीत कामाला. मोबाइल पुढं धरून म्हणाले, "आई, तुमच्या नावानं शेअरचं खातं उघडून राह्यलो. सौदे मीच करीन, कोनत्या शेअरचा भाव वाढनार ते मले आधीच कळते. तुमी फक्त ओळख पटवाले क्यामेऱ्यात पाहून डोळे मिचकवा."

"माह्याच नावानं काऊन? तुमाले नाव नाही का?"

"आमाले कंपनीची परवानगी लागते. लय कटकट."

कटकट ऐकली की मी चष्मा लावते. पूर्वी लावत नव्हते. तलमडुगूच्या शाळेत नवी बाई होते तेव्हा मला माझ्या सहीचा कोण गर्व! खाली लफ्फेदार रेघ, रेघेखाली दोन टिंबं. कोणी कागद सरकवला की नक्षी काढून मोकळी. शाळेत तांदूळ पोचल्याच्या पावतीवरही काढली, दाणा न पाहता. तांदूळ आलाच नव्हता. चौकशीच्या साहेबांनी तेलुगूत विचारलं, "ई संतकम् मीदेना?" म्हणजे ही सही तुमचीच का? तर ही शहाणी लाजून म्हणते, "होय साहेब, चांगली आहे ना?" त्या लाजण्यापायी माझी बढती कितीतरी वर्षं अडली.

म्हणून आता अक्षरं मोठी करून नियम वाचले. खात्यातल्या प्रत्येक सौद्याला खातेदार जबाबदार. म्हणजे मी.

"अन् भाव वाढनार हे तुमाले आधी कसं कळते?"

"आमचे गिऱ्हाईक, कापसाच्या जिनिंगवाले शेटजी, मोठी खरेदी सांगतात ना, ती टाकली की भाव चढते. म्हून तिच्या आधी आपली टाकायची."

गिऱ्हाइकाचा बेत कळला म्हणून स्वतःचा सौदा आधी घुसवणं, ही बाजाराच्या कायद्यात लबाडीच. आणि सासूच्या नावानं केली तर सासूही त्यात आली.

आतून लेक ओरडली, "आई, मिचकव की! त्यांचा चहा थंडा होऊन राह्यला."

मी डोळे असे ताणले की पाणी वाहू लागलं, पण पापणी हलवली नाही. मोबाइलनं तीनदा विनवलं, मग लाल अक्षरात नकार दिला.

"आई, मुद्दाम करून राह्यल्या काय?"

"हो. शेटजींची खरेदी अन् माहं नाव, दोन्ही जागच्या जागी राहू द्या, जावईबापू."

त्यांनी थंडा चहा एका घोटात संपवला. निघताना गुडघ्यांबद्दल काही विचारलं नाही.