भाऊजींचा बिनकामाचा डोळा

आमचे धाकटे दीर घड्याळजी. उजव्या डोळ्याला भिंग लावायचं, डावा मिटायचा, यातच त्यांचा उभा जन्म गेला. जाऊ म्हणते, "यांचा एक डोळा कमावतो, दुसरा बसून खातो." भाऊजींचं म्हणणं एकच, झाकण उघडल्याशिवाय घड्याळाचं दुखणं कळत नाही.

परवा त्यांना नवा चष्मा करायचा म्हणून आम्ही दोघी सोबत गेलो. चष्म्याच्या दुकानातल्या बाईंनी त्यांची हनुवटी एका यंत्रावर टेकवली. उजेड चमकला की नाही तोच संगणकानं उजव्या डोळ्यापुढे हिरवी खूण केली, डाव्यापुढे लाल.

"वय झालं की डोळ्याच्या पडद्याला होतो, तो आजार दिसतोय," बाई म्हणाल्या. "असे हजारो डोळे दाखवून संगणकाला शिकवलंय. तो फक्त शंका सांगतो, खरं-खोटं डॉक्टर ठरवतील. पण आजच जा. मधली नजर गेली तर परत येत नाही."

भाऊजी हसले. "मी केसाएवढी स्प्रिंग बसवतो, बाई. तुमच्या यंत्रालाच तेल घाला."

"ज्या डोळ्यानं बसवता तो झाका. आता खिडकी बघा."

उजवा डोळा त्यांनी कधी झाकलाच नव्हता. बराच वेळ बघत राहिले.

"वहिनी, हे गज कुणी वाकवले?"

गज सरळ होते.

बाईंनी संगणकावर डाव्या डोळ्याच्या आतलं चित्र दाखवलं. कांद्याच्या पापुद्र्याहून नाजूक थर, एकावर एक, आणि खाली साचलेल्या पाण्याचा फुगवटा. भाऊजी संगणकाला नाक लावून पुटपुटले, "झाकण न काढता?" माझे तर हात आपोआप जोडले गेले. एवढ्याशा बुबुळामागे देवानं एवढं रचलं, आणि ते बघायची बुद्धीही माणसाला दिली.

डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल, गेलेलं सगळं येईलच असं नाही, पण उरलेलं वाचेल. भाऊजी पांढरे पडले. "राहू द्या. त्या डोळ्याचं मला काय काम?"

"मग इतकी वर्षं माझ्याकडे कुठल्या डोळ्यानं बघत होता?" जाऊ म्हणाली. "भिंग लावून तर कधी बघितलं नाहीत."

भाऊजींनी एकदा तिच्याकडे बघितलं. मग डॉक्टरांना म्हणाले, "उघडा झाकण."

आज त्यांच्या दुकानात डोकावले. भिंग बाजूला ठेवून, उजवा डोळा तळहातानं झाकून ते भिंतीवरची घड्याळं बघत बसले होते.

"सगळे काटे वाकडे, वहिनी," म्हणाले. "पण चालू आहेत."