पोलिश वर्गाच्या यादीतली तीन नावं

न्यू जर्सीतल्या आमच्या विद्यापीठात नियम होता: सत्राच्या दुसऱ्या शुक्रवारी यादीत दहा विद्यार्थी नसतील तर वर्ग रद्द. त्या वर्षी पोलिश भाषेच्या वर्गाला सातच होते. तो शिकवणाऱ्या बाई पोलंडमधल्या क्राकूवच्या, साठीच्या, करारावर नेमलेल्या. वर्ग गेला की त्यांचं काम जाणार. मी पुण्याचा, वॉर्सॉला शिकून आलेला, पोलिश संस्कृती शिकवणारा कायम प्राध्यापक. मला कसलाच धोका नव्हता.

विभागप्रमुखांकडे सवलत मागितली. ते हसून म्हणाले, "विद्यार्थी आपले ग्राहक आहेत. दुकानात न खपणारा माल किती दिवस ठेवायचा?" इराकच्या युद्धात सोबतीला पोलंडचे सैनिक अमेरिकेला चालत होते, त्यांची भाषा मात्र न खपणारा माल. ते वाक्य आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. पण तेव्हा विभागाच्या बैठकीत उभं राहून हे बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. मी आपली पळवाट काढली.

रविवारी आमच्याकडे वरणभात खायला इंजिनिअरिंगची मराठी मुलं येत. त्यांतल्या तिघांना म्हटलं, पोलिशच्या यादीत नावं घाला, शुक्रवार उलटला की काढा.

"काका, 'अजून एक पोळी वाढा' एवढं पोलिशमध्ये शिकवा, बास," एक म्हणाला.

"तुला काकूंनी मराठीत वाढलेल्या चार कमी पडल्या का यार?" दुसरा म्हणाला.

शुक्रवारी यादीत दहा नावं होती. बाईंनी माझ्याकडून ती तीन मराठी आडनावं नीट उच्चारायला शिकून घेतली. मग आनंदाने म्हणाल्या, "दुसऱ्या कॉलेजने संध्याकाळचे वर्ग देऊ केले होते. आत्ताच त्यांना नकार कळवला."

तेव्हा तरी सांगायचं. मी अभिनंदन केलं.

सोमवारी ठरल्याप्रमाणे तिघांनी नावं काढली. प्रमुखांना एका नजरेत बनाव कळला. त्यांनी वर्ग रद्द केला आणि मला विचारलं, "हे बाईंनीच जमवलं ना?" मी म्हणालो, "मला कल्पना नाही." त्या माणसाचा मला राग येतो, कारण दहाचा आकडा त्याला माणसापेक्षा मोठा वाटत होता. पण त्याने निदान नियम पाळला होता. मी खोटं बोललो, आणि तेही संशय बाईंवर राहू देऊन.

खोलीची किल्ली परत करायला आल्या तेव्हा बाई माझ्या दारात थांबल्या. दुसऱ्या कॉलेजने ते वर्ग तोवर कुणाला तरी देऊन टाकले होते.

"त्या तीन मुलांना काही अडचण आली असेल," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडची आहेत, त्यांना रागावू नका."

"नाही रागावणार," मी म्हणालो, आणि किल्ली घेतली.