लाल मेंढरं, निळी मेंढरं

मिरजेहून विट्याची एसटी धरली, तेव्हा आईनं टोमणा मारलाच, "डॉक्टरकीची दोन वर्षं पाण्यात घातलीस, आता फिर मेंढरांमागं!" फिरतेच की! मेडिकल सोडून मी कुरणाच्या अभ्यासाकडं वळले, त्याचा मला एक दिवसही पस्तावा झालेला नाही.

विट्यात गाडी बदलली. मायणी मागं पडली, ऊस विरळ झाला आणि माणचा बोडका, तांबूस माळ सुरू झाला. त्यात आमच्या प्रयोगाचं गायरान तेवढं हिरवं. तिथं फवाऱ्यानं पाणी देऊन आम्ही गवत वाढवलं होतं. लाल रंग लावलेली मेंढरं या ओल्या गवतात चरायची, निळी कोरड्या माळावर. पाणी समितीचे अध्यक्ष, निवृत्त सुभेदार, यांनी बजावलं होतं, "लाल जड भरली तर पाणी गायरानाला. न्हाईतर उसाला." आज वजनाचा दिवस. माझी तर पैज लावायची तयारी होती.

वाड्यावर (मेंढपाळांच्या तळावर) हिराक्कानं आधी माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) पाजलं. लाल मेंढरं तिची, निळी तिच्या धाकट्या जावेची. मी पेज पिण्यात गुंग, तर एका एडक्यानं माझी ओढणी निम्मी चघळली. दोघी जावा पोट धरून हसल्या.

मग वजनं झाली. लाल आणि निळी, सारखीच!

"काय म्याडम, पाणी उसालाच की," सुभेदार म्हणाले.

मी वजनाची वही पुन्हा पुन्हा तपासली. हिराक्का मात्र खुशीत होती. "सारखीच भरणार की! एक दिस लाल वल्यात, एक दिस निळी. मी रोज आलटून-पालटून सोडली."

"अहो हिराक्का, का?" मी ओरडलेच.

"आवं ताई, आमी एका चुलीवर जेवतो. माझी हिरवं खात्यात आन् तिची धूळ चाटत्यात. सांजंला तिच्या तोंडाकडं कसं बघू?"

राग आला आणि तिचे पाय धरावेत असंही वाटलं. पण गप्प बसणाऱ्यातली मी नाही. सुभेदारांना म्हटलं, "मला आणखी एक महिना द्या. एकाच कळपाला ओलं गवत. तो जड भरला तर पुढचा महिना दुसऱ्याची पाळी."

"फौजेत बी ड्युटी बदलून देत्यात," ते म्हणाले. "दिला महिना."

"पहिली पाळी कुणाची, हिराक्का?" मी विचारलं.

"जावंची," ती पटकन म्हणाली. "मी थोरली हाय न्हवं."

महिन्यानं परत गेले. निळी काट्यावर चढत गेली आणि सुभेदारांचा आवाजही चढत गेला. "जड हायती! पाणी हितंच ऱ्हाणार!" हिराक्कानं जावेला कवटाळलं. "भरली गं बाई, तुझी भरली!" तिची स्वतःची लाल मेंढरं हलकी निघाली होती. त्याचं तिला काहीच नव्हतं.

परतीच्या एसटीत आईचा फोन आला. "झालं का मनासारखं?"

"झालं," म्हटलं आणि डोळे पुसले. प्रयोगात एक औषधाचा गट आणि एक बिनऔषधाचा, हे मेडिकलला घोकून पाठ केलं होतं. बिनऔषधाच्या गटातही कुणाची तरी जाऊ असते, हे कळायला मला माणच्या माळावर यावं लागलं.