शिट्टीवरचे दात

माझी शिट्टी मी कुणाला देत नाही. उष्टी आहे म्हणून नव्हे, तिच्यावर माझ्या दातांच्या खुणा आहेत म्हणून. एकोणतीस वर्षं मी नागपुरातल्या मुलींच्या शाळेत पीटी शिकवते, कबड्डीच्या सामन्यांत पंच म्हणून उभी राहते, आणि शिट्टी ओठांत नाही, खालच्या पुढच्या दातांत धरत आले. त्याने दोन्ही हात मोकळे राहायचे. एका हाताने बाद झालेल्या मुलीला बाहेर काढायचं, दुसऱ्याने तिच्या भांडखोर कॅप्टनला थोपवायचं.

त्याच दातांनी गेल्या वर्षी दगा दिला. आधी ब्रशवर रक्त दिसायला लागलं, मग तोंडाला वास, आणि एके दिवशी शिट्टी धरली तर मधले दोन दात चक्क हलले. मला शुगर होती. बारा वर्षांपासून होती, पण शाळेत मी कुणाला कळू दिलं नव्हतं. मुलींच्या पुढे धावणारी बाई गोळ्या खाते, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. खरं सांगायचं तर गोळ्याही मी मनाला येईल तेव्हाच खायचे. काही दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, मग कशाला लाड करायचे?

घराजवळच्या दातांच्या डॉक्टरांनी तोंडात आरसा फिरवला, रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि हातमोजे काढले. "शुगरवाल्यांचं असंच असते. खालचे पुढचे सहाही काढून टाकू, कवळी बसवू. आता वयही झालं."

मी विचारलं, "कवळीनं शिट्टी वाजते का?"

ते हसले. त्या हसण्याचा मला तेव्हा राग आला, अजून येतो.

घरी नवऱ्याची कवळी बेसिनजवळच्या स्टीलच्या वाटीत असते. त्यांनाही शुगर, त्यांनी पाच वर्षांपूर्वी सगळे दात काढून टाकले. ते म्हणाले, "काढून टाक वं. सुटशील. मी काय मेलो का?" मेले नव्हते, पण पेरू किसून खात होते. मी म्हटलं, "तुम्ही खा किसलेला पेरू. मी दात देत नाही."

त्यात नागपूरजवळच्या कुही गावाहून आयोजकांचा फोन आला. तिथल्या मुलींच्या कबड्डी स्पर्धेच्या अंतिम सामन्याला दरवर्षी मीच पंच असते. सामने चार महिन्यांवर होते. "मॅडम, यंदा तुम्ही टेबलावर बसून गुण लिहा नं. तब्येतीचं ऐकलं," असं ते अगदी गोड आवाजात म्हणाले. म्हणजे बातमी फुटली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सांगितलं, "शिट्टी मीच वाजवीन. खुर्ची दुसऱ्याले द्या." फोन ठेवला आणि जीभ आपोआप त्या हलत्या दातांवर गेली. बोलून तर बसले होते, आता हे दात टिकवायचे होते.

नागपूरच्या कडेला, बेसाला माझी एक जुनी विद्यार्थिनी दातांचा दवाखाना चालवते. शाळेत ती दर आठवड्याला पीटीच्या तासाला पोट धरून यायची आणि मी म्हणायचे, "कारण नको, चक्कर मार." तिने माझं तोंड बराच वेळ तपासलं. मग म्हणाली, "मॅडम, शिट्टी दाखवा."

तिने शिट्टी दिव्याखाली धरून त्या खुणांवरून अंगठा फिरवला. "हाड आधीच शुगरनं नि हिरड्यांतल्या घाणीनं खाल्लं. जे उरलं त्याच्यावर तुम्ही रोज ही लटकवून राहिल्या. एक दात जाईलच, तो माझ्यानं वाचत नाही. बाकीचे पाच वाचवून पाहू. पण पहिले शुगर खाली आणा."

मी कारणं सांगायला सुरुवात केली. शाळा आहे, परीक्षा आहेत, घरी पाहुणे असतात, लग्नंही आहेत. ती कार्डावर लिहीतच राहिली. वर न बघता म्हणाली, "कारण नको, मॅडम. चक्कर मारा."

एवढा अपमान माझा कुणी केला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मी घड्याळ लावून गोळ्या घ्यायला लागले.

तिने हिरड्यांच्या आतपर्यंत सफाई केली, शुगर जरा उतरल्यावर तो एक दात काढला, उरलेले पाच मागच्या बाजूने बारीक तारेने बांधले. आणि मग लेझर. नाव ऐकून माझ्या डोळ्यांपुढे वेल्डिंगचं दुकान आलं. तिने मला काळा चष्मा लावला, स्वतः लावला, आणि पेनासारखी एक नळी हिरडीजवळ धरली. मी खुर्चीचे हात घट्ट पकडले आणि चटक्याची वाट पाहत राहिले.

"लागते का?"

"काहीच नाही. चालू तरी आहे का?"

"चालू आहे. हा हलका लेझर आहे, कापत नाही, जाळत नाही. सूज उतरायला नि जखम भरायला मदत करते."

"दात पक्के होतात यानं?"

"एकट्यानं नाही. किती फायदा होते यावर डॉक्टरांचंही एकमत नाही. सफाई नि शुगर सोडून नुसता हा लाईट मारत बसलो तर काही उपयोग नाही."

हे मला आवडलं. तिने चमत्काराची हमी दिली असती तर मी उठून आले असते. तरी खोड जाईना. नळी बाजूला झाल्याबरोबर मी म्हटलं, "अवं, पण लागतच नाही तर काम काय करत असन?"

"मॅडम, तुम्हीच शिकवलं नं? खेळाडूले लागलं का नाही, हे कोणी विचारत नाही. पंचानं पाह्यलं की झालं."

मी पुन्हा तोंड उघडलं, या वेळी नळीसाठी.

शुगरवालीची जखम भरत नाही, असं मला गल्लीतल्या प्रत्येकीने सांगितलं होतं. भरली. वेळ घेतला, पण भरली. लेझरने किती भरली आणि गोळ्यांनी किती, ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. ब्रशवरचं रक्त थांबलं. तीन महिन्यांची सरासरी शुगर डॉक्टरला हवी तेवढी नाही, पण खाली आली.

आता शिट्टी ओठांत धरून वाजवायची होती. पंधरा दिवस नुसती फूस व्हायची, त्या एका फटीतून हवा निघून जायची. मी सकाळी अंगणात उभी राहून वाजवायचे, शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे. एके सकाळी अचानक खणखणीत वाजली. मी आनंदाने तीनदा वाजवली. आत नवऱ्याने तीन शिट्ट्या मोजल्या आणि कुकरखालचा गॅस बंद केला.

जेवताना कच्ची राहिलेली तुरीची डाळ टणटण वाजत होती. त्यांनी एक घास घेतला आणि कवळी सांभाळत ताट सरकवलं. मी वाटीभर डाळ चावून खाल्ली. चांगली लागत होती म्हणून नव्हे, त्यांना दाखवायला.

कुहीला पोचले तेव्हा धानाची कापणी आटोपली होती. गुण लिहायच्या टेबलाशी आयोजकांनी माझ्यासाठी खुर्ची ठेवलीच होती, वर उशीसुद्धा. मी तिच्यावर पर्स ठेवली आणि मैदानात गेले.

अंतिम सामना शेवटपर्यंत बरोबरीत होता. चढाई करणारी मुलगी परत फिरताना तिच्या पायाचं बोट कोपऱ्यातल्या मुलीच्या मनगटाला जेमतेम घासून गेलं. मी शिट्टी वाजवली, हात वर केला, कोपऱ्यातल्या मुलीला बाद दिलं. ती कुहीचीच पोर, सगळं मैदान तिच्या बाजूचं. ती जागची हलली नाही.

"मले लागलंच नाही, मॅडम."

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं. पंचाने वाद घालायचा नसतो, पण मी तिच्याजवळ गेले आणि शिट्टी तोंडातून काढली. खालच्या ओळीतली फट तिला नीट दिसली असणार.

"मलेही बारा वर्षं काही लागलं नव्हतं," मी म्हटलं. "चाल, बाहेर हो."